हळदीच्या व्हिडिओतला माझा हात

सोमवार, दिवेलागण

माझ्याच पोरीच्या, सोनीच्या हळदीतून मला पुसायला निघाले. व्हिडिओत मी जिथं जाते तिथं माझ्यावर धुरकट गोळा. आधी वाटलं, कॅमेऱ्याची काच मळली असंल. पण मग गोळा माझ्यासोबत चालतो कसा?

पंचवटीत व्हिडिओवाल्याकडं गेले. म्हणाला, "काकू, तो आपोआप चालत नाही. तुम्ही हलल्या की नवी खूण लावून सरकवावा लागतो. कीफ्रेम म्हणतात."

म्हणजे बसून बसून खुणा लावल्या, मला झाकायला. सांगितलं कुणी? माझ्या दिरानं. विधवा बाई हळदीत दिसू नये म्हणे.

पण एका जागी खूण लावायची राहिली. मी हात पुढं केला, गोळा मागंच राहिला. सोनीच्या गालाला हळद लावणारा माझा हात सगळा दिसतो. तीनदा पाहिला. झेंडू तोडून काळा पडलेला. याच हातानं तिला वाढवलं, तेव्हा नाही कुणी झाकला.

दिराला फोन लावला. "वहिनी, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "भाऊजी, गोळा काढता का नाही, गुरुवारपर्यंत सांगा. नाहीतर शुक्रवारी सोनीच्या सासरी व्हिडिओ लावते अन् सगळ्यांदेखत तुम्हालाच विचारते, हा हात कुणाचा?"