बाहेर राहणारी भाडेकरू

औरंगाबाद,
मे २०१६

ती. स्व. मुकुंदमामा यांस,

मनस्विनीचा शि. सा. न. तुमचा गुडघा आता जिना उतरू देतो का? नाशिकचा उन्हाळा मामींना मानवला का? गच्चीतला मोगरा फुलला असेल. (त्याला रोज पाणी घालता की काय, असं विचारणार होते. इथे आल्यापासून मला प्रत्येक झाडाकडे बघून हाच प्रश्न पडतो.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणता आणि मामी तेवढ्यात आईलाही जोडून घेतात. आईने इतक्यात यातलं काही ऐकू नये म्हणून पत्र. शिवाय तुमची सगळी नोकरी या शहरात झाली. माझं काय चुकतंय ते तुम्हालाच कळेल, मला कळेनासं झालंय.

पुण्यातल्या माझ्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनसमोर उघडायची, हे तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून कंपनीच्या इथल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जायला कोणी तयार होईना तेव्हा मी आपणहून हात वर केला. सकाळी उठून डोंगर चढायचा, सुट्टीला सायकल, गच्चीवर झोप, आणि माझा गिर्यारोहणाचा दोर माळ्यावरून एकदाचा खाली यावा, एवढीच इच्छा. कंपनीचं गेस्ट हाऊस महिनाअखेर सोडायचं आहे. तोवर घर मिळालं नाही तर बदली रद्द करून परत ये, असं आईने बजावलंय, आणि साहेबांनीही तशी तयारी दाखवून माझी पंचाईत केलीय.

घरं दाखवायला बद्रीनाथ नावाचे गृहस्थ मिळाले. बीड बायपासवर त्यांचं किराणा दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते घरं दाखवतात. मी त्यांना अगदी मोकळेपणाने सांगितलं की मला घरात फार वेळ बसवत नाही, मला बाहेर राहायला आवडतं. त्यांनी तूर डाळीच्या पोत्यात माप रोवलं. मग म्हणाले, “मॅडम, मग घर कशाला पाहिजे?” तरी भला माणूस. माझी अडचण त्यांनी आपल्या परीने समजून घेतली आणि आधी एका बंगल्यात नेलं, ज्याला खिडक्याच बसवलेल्या नव्हत्या. (“चारी बाजूनं हवा, एकदम खुल्ला मामला.”) मग एका लग्नाच्या लॉन्सला लागून असलेल्या खोलीत नेलं. सगळं शहर वाळून पिवळं पडलेलं असताना ते एक गवत तेवढं हिरवंगार होतं. त्याच्याकडे बघत मी भारावून उभी राहिले, तेवढ्यात नवरीकडच्या एका काकूंनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं. मी मुलाकडची नाही हे सांगेपर्यंत जिलबी वाढून झाली होती. बद्रीनाथ शेजारच्या पानावर होते.

शेवटी त्यांनी मला इथल्याच सातारा गावामागे, डोंगराच्या पायथ्याशी नेलं. खाली आप्पासाहेब आणि भागूबाई हे नवरा-बायको राहतात. वर एक खोली, स्वयंपाकघर आणि खोलीच्या तिप्पट गच्ची. पूर्वी तिथे त्यांची शेती होती. शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं, तेव्हा त्यांनी प्लॉट पाडून जमीन विकली, उरलेल्या तुकड्यावर घर बांधलं आणि विहीर तेवढी राखली. विहीर कोरडी आहे. महापालिकेची पाइपलाइन अजून तिथवर पोचलेली नाही, सगळी वस्ती टँकरवर. पण मी गच्चीत उभी राहिले, समोर डोंगर पाहिला आणि मनाने तिथे राहायलाही गेले. (त्या डोंगरावर एकही हिरवं पान नाही, हे मला दुसऱ्या भेटीत दिसलं.)

भागूबाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. म्हणाल्या, “केस किती दिवसांनी धुता?” मग माझ्या वेणीच्या शेंड्यापर्यंत नजर नेऊन उसासा सोडला. सायकल धुता का, कपडे रोज बदलता का, असं विचारत त्या माझ्या डोंगरापर्यंत आल्या. रोज सकाळी चढून येणार, असं मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे वळून निकाल दिला, “अवं, डोंगर चढणार म्हंजी घाम येणार, घाम आला का अंघोळ. ही पोरगी आपल्याला परवडायची नाय.” आप्पासाहेबांना वेगळीच काळजी होती. त्यांनी हळूच विचारलं, “घरच्यांनी काढलं का काय तुमाला?” मी नाही म्हटलं. “मग बाहेर ऱ्हायचं कशापायी?” मी म्हटलं, हौस. ते म्हणाले, “आमी जलमभर बाहेरच ऱ्हायलो. आत्ता कुठं घरात आलोय.”

मी निघणार एवढ्यात विहिरीकडून फडफड ऐकू आली. एक लांडोर पाणी शोधत आत उतरली होती आणि तळाच्या खडकात अडकून ओरडत होती. टँकर नुकताच आला होता, त्यामुळे अख्खी गल्ली हंडे, ड्रम घेऊन बाहेरच होती. सगळे कठड्याभोवती जमले. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यावर ढासळलेल्या. मामा, दोर माझ्या स्कूटरच्या डिकीत होता आणि मी हेल्मेट घालूनच आले होते, आता मी दुसरं काय करणार होते? दोर बांधायला झाड शोधलं तर प्लॉट पाडताना सगळी झाडं गेलेली. उरला टँकर. मी त्याच्या सांगाड्याला दोर बांधला आणि गाडी चुकून हलू नये म्हणून ड्रायव्हरकडून चावी घेऊन खिशात घातली. हे मी सुरक्षिततेचा नियम म्हणून केलं, एवढं कृपा करून लक्षात असू द्या.

खाली उतरले. लांडोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हेल्मेटवर पाय दिला, तिथून तुटक्या पायरीवर, तिथून कठड्यावर, आणि गेली डोंगराकडे. वर टाळ्या पडल्या. मला वाटतं, तिला फक्त कोणीतरी खाली येऊन उभं राहायला हवं होतं. मी वर यायला निघाले तोच भागूबाई वाकून म्हणाल्या, “पोरी, खाली गेलीच हाईस तर माझी कळशी बघ. तांब्याची हाय. लई दिवसांपूर्वी पडली.” मी शोधायला लागले. एक चप्पल सापडली, मोटारीचा गंजका तुकडा सापडला. वरून भागूबाई दिशा देत होत्या. डावीकडं, त्या दगडाखाली, नाय नाय, पल्याड. मधूनच ड्रायव्हरचा आवाज येत होता, “मॅडम, चाबी तरी वर फेका.” मी चावी काढली की भागूबाई म्हणायच्या, “फेकू नको, फटीत गेली तर कुठं हुडकायची?” तेही पटत होतं. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

कळशीशिवाय वर आले तर गल्लीतला ड्रम न् ड्रम काठोकाठ भरलेला, टँकर रिकामा, आणि ड्रायव्हर डोक्याला हात लावून चाकाशी बसलेला. अर्धा टँकर पुढच्या गल्लीचा होता. त्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी भागूबाईंची माफी मागितली, कळशी काही सापडली नाही. आप्पासाहेब आश्चर्याने म्हणाले, “कळशी? ती घरातच हाय की.” भागूबाई तोवर आत चहा टाकायला गेल्या होत्या. चहा देताना म्हणाल्या, “ऱ्हा वर. केस मात्र आठवड्यातून एकदाच.”

तर मामा, आता मी काय समजू? त्यांनी घर मला दिलं की माझ्या दोराला? एका गल्लीत मला पोरी म्हणतात, दुसऱ्या गल्लीत माझ्या स्कूटरची हवा सोडतात, आणि दोन्ही गल्ल्या मला बरोबरच वाटतात. मी दुसऱ्या दिवशी त्या बायकांना भेटून झालेलं सगळं सांगितलं. एकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमच्या गल्लीत खोली बघता का?” ही क्षमा होती की काय होतं? सकाळी डोंगरावरून खाली बघते तेव्हा सगळी वस्ती माझ्याही आधी बाहेर आलेली असते, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. मी हौशीने बाहेर, ते नाइलाजाने, आणि उघड्यावर मात्र सगळे शेजारी-शेजारी उभे. मी इथे राहावं का? नीट विचार करून सांगा. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही.

तुमची,
मनस्विनी

ता. क. – ‘सकाळी डोंगरावरून’ असं लिहून गेले, त्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. सामान मागच्या आठवड्यात हलवलं. आईला सांगायचं तेवढं तुम्ही बघा. मामींनी आधी तिला घरी बोलावून जेवू घालावं.

ता. क. २ – पत्रभर तुमच्या इथल्या सिडकोतल्या बंद फ्लॅटचा विषय मी टाळला. मी येण्याआधी तुम्ही तो प्रेमाने देऊ केला होता आणि मी ‘कोंडून घ्यायला येत नाहीये’ असं काहीसं म्हणाले होते. ते शब्द मागे घेते, निदान रविवारपुरते. तिथे नळाला पाणी येतं असं ऐकते. राहायला नको, फक्त केस धुण्यापुरती किल्ली पाठवाल का?

ता. क. ३ – किल्लीचं भागूबाईंना कळलंय. त्याही सोबत येणार आहेत. त्या मला दोनदा विचारून गेल्या, ज्या घरात पाणी येतं तिथं माणूस राहत नाही, मग इतकी वर्षं त्या पाण्याचं होतं काय? तुम्हाला माहीत असेल तर किल्लीसोबत लिहून पाठवा, म्हणजे मी त्यांना वाचून दाखवीन.