वळणावरचा आवाज

ब्रिसिगेल्ला, ३ ऑक्टोबर १९८८

चि. ऑर्नेल्लाला पोटभर आशीर्वाद.

लाल दोनसीटरचा सायलेन्सर अखेर गेला. इतकी वर्षं ठिगळावर ठिगळ मारलं. आता ठिगळाला धरायलाच पत्रा उरला नाही. जुन्या घडणीचा कुठे मिळेना, म्हणून बोलोन्याहून शर्यतवाल्यांचा स्टीलचा आणलाय. अंगणातच बसवतोय. गंजलेल्या नटांना तेल पाजतो, तापवतो, शिव्या देतो; तेव्हा कुठे हलतात. शेजारचा प्रीमो कुंपणावरून विचारतो, बायको गेल्यापासून पलंग टोचतो की काय, गाडीखाली झोपायला लागलास? मी म्हटलं, इथे निदान तुझं घोरणं ऐकू येत नाही.

तुझी आई देवळाच्या वळणावर गाडीचा आवाज ऐकून पास्ता पाण्यात सोडायची. मी हात धुऊन बसेतो ताट पुढ्यात. आता मीच पाणी ठेवतो आणि उकळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. एखाद्या रविवारी येतेस का?

उत्तर लहान चालेल, उशीर चालणार नाही.
बाबा

तुरीन, ८ ऑक्टोबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, लाकडी ठोकळे लावा. गॅरेजात पोरांना याच चुकीसाठी कानफटवायचात ना? आणि सत्तरीत शर्यतीचा सायलेन्सर! गावातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील.

रविवारी सोळाला येते. स्टेशनवर येऊ नका. मी परस्पर घरी जाऊन आईचं पातेलं चढवते. तुम्ही नेहमीसारखा टेकडीला फेरा मारून या. वळणावर आवाज आला की पास्ता सोडते. अगदी आईसारखा.

माझ्यावर माया आहेच, थोडी त्या ठोकळ्यांवरही ठेवा.
तुमची ऑर्नेल्ला

ब्रिसिगेल्ला, १७ ऑक्टोबर

चि. ऑर्नेल्लाला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस ना? कालचं मनाला लावून घेऊ नकोस. अंगणात गाडी थांबली तरी कुणा मवाली पोराची समजून तू खिडकीतून शिवी हासडायला डोकावलीस, आणि खाली उतरलो मी! मला हसू आलं. तुझ्या मुठीत कोरडा पास्ता आणि डोळ्यांत पाणी बघून ते जिरलं. आयुष्यभर इंजिनाचं दुखणं कानाने ओळखून पोट भरलं, आणि तो जुना आवाज कुणाच्या कानातला होता एवढं मला सुचू नये!

जाताना तू म्हणालीस, जुना परत बसवा. सकाळी भंगारातून काढला. उचलला तर हातातच भुगा झाला. तो आवाज आता नाही, बाळ.

तेव्हा पुढच्या खेपेला दोन दिवस काढून ये. तू स्वयंपाकघरात बस. नवा आवाज तुझ्या कानात मुरेपर्यंत मी वळणावरून फेऱ्या मारतो. प्रीमो बोंब मारील, मारू दे.

त्याच्या कानात तर तो मुरलाही. आज वळणावर आलो तर रस्त्याकडे पाठ करून तो द्राक्षवेल छाटत होता; मागे न बघताच त्याने हात वर केला. घरात पातेलं पालथंच होतं.

कधी येतेस ते कळव, पाणी तेव्हाच ठेवतो.
बाबा