तेल वर चढेपर्यंत

प्रिय लेकी,

नऊ वर्षांत मी तुला जे काही लिहिलं ते तीन ओळींत मावेल. तब्येत बरी आहे, घराला रंग दिला, काळजी घे. आज लांबणार आहे. बसून वाच आणि मध्येच सोडू नकोस.

सहा महिन्यांपूर्वी बाबांचा उजवा हात गेला. पक्षाघाताचा झटका सौम्य होता म्हणे. डॉक्टरांना सौम्यच वाटणार, पाना त्यांना धरायचा नव्हता. बोलणं शाबूत आहे, टोमणेही. गॅरेज बंद केलं. आत एकच गाडी उरली आहे, ती निळी, जिच्यापायी तू घर सोडलंस. गिऱ्हाईक ती न्यायला पुन्हा आलंच नाही. बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि आठ वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या वर्षी मात्र काही न बोलता इंजिन उतरवलं, एकट्याने पहिल्यापासून बांधलं, परत बसवलं. सुरू करण्याआधी आतल्या कोरड्या भागांत तेल चढवायचं तेवढं राहिलं आणि हात गेला.

तेव्हापासून ते रोज दुपारी तिच्यासमोर स्टुलावर बसतात. मी घरात असते आणि मला तो आवाज येतो, तिचं इंजिन जॅम झालं त्या सकाळचा. आधी हलकी टिकटिक, मग कोरड्या लोखंडाचा ठोका, मग काहीच नाही. नळात हवा भरली की येतो, कपड्यांच्या मशीनमधून येतो, कधी नुसत्या भिंतीतून. मी भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई, तरी हातातलं टाकून बघायला जाते. गाडी गप्प असते. बाबा मान वळवून माझ्याकडे बघतात, आणि मला वाटतं, ह्यांनीही ऐकलं.

परवा ते म्हणाले, ड्रिल तू धर. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मी पहिल्यांदाच केलं. लांब सळई तेलाच्या पंपापर्यंत सोडली आणि ड्रिलने फिरवू लागले. सुरुवातीला ती सुसाट फिरते, आत कोरडंच असतं. मनगट ताठ ठेव, कपडे पिळतेस तसं पिळू नकोस, असं बाबांचं ऐकवून झालं. मी म्हटलं, चाळीस वर्षं तुमचे तेलकट कपडे पिळले म्हणूनच मनगटात जोर आहे. मग एकाएकी ड्रिल जड झालं. पंपाने तेल धरलं होतं. तेलाच्या दाबाचा काटा हलला, आणि इंजिनाच्या उघड्या माथ्यावर एकेका छिद्रातून तेल डोकावू लागलं. एवढंच करायचं होतं. एवढं त्या सकाळी झालं नव्हतं.

ड्रिल चालू असतानाच मी बाबांना सगळं सांगून टाकलं. तेल चढवलेलं नसेल तोवर स्टिअरिंगला लाल फडकं, हा तुम्हा दोघांचा नियम. तू ते बांधलं होतंस आणि जळालेल्या ड्रिलच्या जागी दुसरं आणायला गेली होतीस. गिऱ्हाईक येणार म्हणून मी गाडी आतून पुसली, फडकं मळकं दिसलं, सोडून धुवायला टाकलं. नियम मला ठाऊक होता. घाण दिसली की मला दुसरं काही दिसत नाही. बाबांना स्टिअरिंग मोकळं दिसलं, त्यांनी चावी फिरवली आणि दोन मिनिटांत इंजिन जॅम झालं. तू परतलीस, म्हणालीस, मी बांधलं होतं. त्यांनी चारचौघांत तुला खोटारडी म्हटलं. मी दारात उभी होते. त्या क्षणी मला आठवलं नाही असं मी स्वतःला सांगत आले आहे. आठवलं होतं. राग उतरला की सांगू असं ठरवलं, आणि आठवड्यात तू बॅग भरलीस.

बाबा म्हणाले, ठाऊक आहे. त्याच दुपारी ते फडकं दोरीवर वाळताना त्यांनी पाहिलं होतं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. म्हणाले, एवढं बोलून बसलो होतो, मागे कसा घेणार? वाटलं, तू बोलशील. मी हात पुसले. नऊ वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो, आणि दोघंही वाट बघत होतो.

गाडी अजून सुरू केलेली नाही. ते नको म्हणतात. तू ये, असं मी लिहीत नाही. तसं म्हणायचा हक्क आम्ही घालवला. तू खोटं बोलली नव्हतीस, हे तुझ्याकडे आमच्या अक्षरात असावं, म्हणून हे पत्र. मी वाचून दाखवलं, त्यांनी एकही शब्द बदलू दिला नाही. खाली जी वेडीवाकडी रेघ दिसते ती शाई सांडलेली नाही. ती त्यांची सही आहे, डाव्या हाताची. तीन कागद फाडल्यावर एवढी जमली.

तुझीच,
त्या दिवशी गप्प राहिलेली आई