येसराच्या आमटीतल्या शिंपल्या

३ मार्च
सात! अंजूचं रक्त फक्त सात. दवाखान्यातल्या मॅडमनी कागद दाखवला आणि माझ्याकडंच बघितलं — जशी काय मी सून उपाशी ठेवली! सातवा महिना चालू हाय. गोळी घेतली की उलटी. मागच्या बारीला सलाईनमधून लोह दिलं तर अंगभर गांधी उठल्या, तेबी बंद केलं. मॅडम म्हणल्या, ‘आता खाण्यातूनच भरून काढा. मटण, अंडी. आणि तुमच्या गोदावरीत शिंपल्या मिळतात की! मटणापेक्षा जास्त लोह. बी-बारापण असतं, ते भाजीपाल्यात मिळत नाही. चांगल्या उकडून द्या. रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल.’

अंजूनं नुसता गळ्यातल्या माळेला हात लावला. तुळशीची माळ, बापानं जाताना सवताच्या हातानं घातलेली. घरी आल्यावर म्हणली, ‘मरंन, पण खाणार न्हाई.’

मरशीलच की गं बये!

माझा पोरगा भागवत मेंढरं घेऊन नगरकडं. घरात आमी सासू-सुना दोघीच. सांगू कुणाला?

६ मार्च
केलं. देवा, केलं मी.

दगडाबाई नदीवरनं शिंपल्या काढून उमापूरला विकायला नेती. तिला मागच्या दारानं बोलावलं. अंजू देवळात गेलती, तेवढ्यात उकडल्या. तोंडं उघडली, गर काढला, रेती जाईस्तवर धुतला, पाट्यावर पार लगदा होईस्तवर वाटला — आणि येसराच्या आमटीत! मटणाचा वास पोरीला वेशीवरनं येतो. पण येसराची आमटी म्हंजी भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, काळी, घट्ट, झणझणीत, वर लसूण दाबून घातलेला. तिच्यात काय हाय ते ब्रह्मदेवालाबी कळायचं न्हाई. टरफलं उकिरड्यात पुरली.

अंजूनं दोन वाट्या खाल्ली. ‘आत्याबाई, आज लई चव आलीय.’

माझा घास तोंडातच फिरत राहिला.

७ मार्च
दिवसभर तिच्याकडं बघवलं न्हाई. उगंच भांड्यावरनं खेकसले तिच्यावर. चोर ती चोर, वर शिरजोर!

१७ मार्च
आज चौथ्यांदा दगडाबाई. परत आमटी. पयल्यांदा वाटताना दहादा दाराकडं बघितलं, आता बघत न्हाई. हेच वाईट.

अंजू हल्ली कधीमधी जेवायच्या आधी माळ काढून खुंटीला अडकवती, आजबी तसंच. ‘कावून गं?’ म्हणलं. ‘उकडतंय आत्याबाई, टोचती.’ बरंच झालं. माळ समोर दिसली न्हाई की वाढायला हात धजतो तरी.

२५ मार्च, एकादशी
तिचा उपास. पोटुशीला कशाला उपास म्हणून भांडले, ऐकती थोडीच! भगर केली. भगरीत काय घालणार? सांजच्याला देवापुढं हात जोडून पुटपुटत होती, ‘आमच्या आत्याबाईला सुखी ठेव.’

माझ्यासाठी! मी चुलीपुढं जाऊन धुराच्या नावानं रडून घेतलं.

२ एप्रिल
आज बघते तर काय! अंजूच्या हातात शिंपला — धुऊन लख्ख केलेला! म्हणली, ‘कोंबड्यांनी उकिरडा उकरलाय. बाळाला गुटी पाजायला ठेवू का हा?’

‘ठेव,’ म्हणले. दुसरं काय म्हणणार! तिनं तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. आता दिवा लावायला गेलं की तो माझ्याकडं बघत बसतो.

९ एप्रिल
नऊ! रक्त नऊ झालं! मॅडमनी विचारलं, ‘काय खाऊ घातलं सुनेला?’ अंजूच हसून बोलली, ‘आत्याबाईच्या आमटीचा गुण.’ मॅडम म्हणल्या, ‘मग चालू ठेवा तेच.’

बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. गालावर किती दिवसांनी रंग दिसला! तिच्या बापानं मरताना तिला एक वस्तू दिली आणि मी ती आमटीत बुडवली. जीव वाचंल, पण त्या माणसाला वर गेल्यावर काय तोंड दाखवू? पोटच्या पोरीवाणी भरवसा ठेवला तिनं, अन् मी काय केलं?

आता बास. सांगून टाकायचं. शिव्या दिल्या तरी चालंल. उठून माहेरी गेली तरी चालंल. न्हाई — ते चालणार न्हाई. पण सांगायचंच.

१० एप्रिल
धीर झाला न्हाई.

११ एप्रिल
आज दगडाबाई फिरकलीच न्हाई. येसराची आमटी केली, नुसती. म्हणलं, आज वाढताना हात स्वच्छ हायेत, आजच सांगू. अंजू ताटावर बसली. मी तोंड उघडणार, तर नजर तिच्या गळ्यावर गेली. माळ गळ्यातच! खुंटी मोकळी.

‘काय गं, आज टोचत न्हाई व्हय?’

‘आज कावून काढू, आत्याबाई?’ म्हणली, आणि भाकरी मोडून आमटीत कुस्करायला लागली.