दहापैकी दहा

पुणे, १२ जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप वैजनाथमामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे हर्नियाचे टाके वाळल्याचे मामींच्या पत्रातून कळले. जड उचलू नका. पाण्याची बादलीही जडच असते.

काम असे. जखम शिवण्याआधी तिथे बधिर करणारे औषध टोचले, तर भूल उतरल्यावर कमी दुखते का, हा माझ्या एम.डी.च्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी प्रत्येकाला दुखणे दहापैकी किती, ते विचारते. काल आकडे संगणकात भरले. तुम्ही वॉर्डात होतात त्या आठवड्यातल्या सातही जणांनी नऊ किंवा दहा सांगितले आहे, औषध दिलेल्यांनीसुद्धा. हेच लोक हसत चहा पीत होते, अशी माझ्याच वहीत नोंद आहे. या सातांपायी औषध निरुपयोगी ठरते, आणि प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा आहे. काही ठाऊक असल्यास कळवा.

लोभ आहेच, खुलासाही असावा.
तुमची भाची,
पूर्वा

अंबाजोगाई, १७ जानेवारी १९९९

चि. पूर्वास अनेक आशीर्वाद.

खोडी माझीच. तू वही उघडून नुसते दहापैकी किती म्हणालीस. मला वाटले, भूल कशी दिली याचे तुला मार्क द्यायचेत. चाळीस वर्षांची मास्तरकी! तू गेल्यावर वॉर्डात सांगितले, पोरीची परीक्षा आहे, हात आखडू नका. कात्रजच्या डेअरीतला संतोष सातावर अडला होता, त्याला नवावर आणला.

आकडा सांगितला की सिस्टर येऊन सुई टोचायच्या. संतोष म्हणालासुद्धा, मास्तर, मार्क वाढवले की टोचतात हो. पण एकानेही कमी केले नाहीत.

तुझी मामी कालपासून माझ्याशी बोलत नाही. तू तरी माया पातळ करू नकोस.
तुझा मामा

पुणे, ६ फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मार्गदर्शकांना दाखवले. तीन वर्षांत प्रथमच हसले. मग म्हणाले, चूक तोकडा प्रश्न विचारणाऱ्याची. खरे आहे; घाईत दुखण्याचा उल्लेख मीच गाळत होते. ते सात वगळायचे, कारण प्रबंधात लिहायचे आणि नवे सात घ्यायचे, असे ठरले. मुदत मार्चअखेरपर्यंत वाढली.

मामींना सांगा, मी रागावलेली नाही. रागावणार होते, पण आकडा मोठा म्हणून सातांना टोचलेली वेदनाशामक इंजेक्शने मोजली, आणि जमले नाही.

आज नव्यांपैकी पहिले, वाघोलीचे बाबुराव. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, असे दोनदा समजावले. ते तीन म्हणाले. मग विचारू लागले, आकडा कमी आला तर बाई पास होणार ना? मी म्हटले, खरा आला तर होईन. त्यांनी जरा विचार केला आणि हळूच म्हणाले, मग दोन घाला.

मी तीनच लिहिले.

असाच लोभ ठेवा, मात्र वॉर्डाबाहेरून.
पूर्वा