हात न लावण्याचं काम

४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल. आता कामाला नर्सरीत आहे. माशी बसली की मिटणारी, व्हीनस फ्लायट्रॅप नावाची दोनशे रोपं मालकीणबाईंनी माझ्या गळ्यात मारलीत. थंडीत ती झोपतात, पानं काळी पडतात. गार शेडमध्ये ठेवायची, खाली थोडं पावसाचं पाणी, माशी द्यायची नाही, बोट लावायचं नाही. म्हणजे काम काय, तर काही करायचं नाही. थंडी सरल्यावर सगळी फुटली तर नोकरी पक्की. ही चौथी.

आबा बोलले का काही? त्यांचं शिलाईचं दुकान सोडून पळालो त्याला वर्ष झालं.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा धाकटा

१९ डिसेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पेरलेलं बी उगवलं का म्हणून रोज उकरून बघणारा तू. बाईंना माणूस बरा सापडला! आबा बोलले नाहीत. तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचते, त्यांचं मशीन आपलं चालूच. सारखं विचारू नकोस. वेळेवर जेवत जा, आमची माया आहेच.
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस सा. न.

घोळ करून बसलोय. एक रोप पार काळं पडलेलं, बघवेना. गुपचूप खोलीत नेलं, हीटरजवळ ठेवलं, माशी चारली. आठ दिवसांत बुळबुळीत झालं. बाईंना अजून पत्ता नाही. पिशवी भरून ठेवलीय. कुठे जायचं ते ठरत नाही, पण इथे पाय टिकत नाही. आबांना सांगू नकोस.

रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटा

२८ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

'सांगू नकोस' ही ओळ दिसेपर्यंत वरचं सगळं मोठ्याने वाचून झालं होतं. मशीन थांबलं. पुढचं आबाच लिहितायत.

बाईंना आजच सांग. शिकाऊ असताना मी गिऱ्हाईकाचा कोट इस्त्रीने जाळला आणि तीन दिवस घरी गेलो नाही. कोट काही त्याने नवा झाला नाही. आधी पिशवी रिकामी कर. रोपातलं मला कळत नाही, बाई सांगतील तसं कर. तुझी कात्री इथे आहे, तिला कोणी हात लावत नाही.

त्या रोपाला कोंब आला तर लिही. नाही आला तरी लिही.
आबा