माझा रिपोर्ट, माझं घर

मंगळवार, दिनांक ४ मार्च २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या भाच्याने माझ्या तपासणीचा रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नाव, वय आणि आतल्या अवयवांचा सगळा पंचनामा. खाली हात जोडून मजकूर: "मावशीसाठी प्रार्थना करा. तिला अजून सांगितलेलं नाही." मी ग्रुपवर कधी काही लिहीत नाही, त्यामुळे मीही तिथे आहे हे तो विसरला. मला काय झालंय, ते मला असं कळलं.

सबब मी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करते. आधीचं रद्द. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला जोडा, असं वकील म्हणाले. जोडणार नाही. माझ्या देहाचे कागद पुरेसे फिरले.

१. शिवणयंत्र आणि पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या नर्सला. जिन्यात तिने माझी पिशवी घेतली, चौकशी केली नाही.

२. वहिनी दुसऱ्याच दिवशी डोळे पुसत आली आणि खिडक्या मोजून गेली. "पडदे विटलेत हो, वन्सं. पण आता तुम्ही कशाला बदलताय म्हणा!" मोजायची टेप सोफ्यावरच विसरली. ती टेप तिला द्यावी. खिडक्या देऊ नयेत.

३. राहतं घर भाच्याला मिळणार होतं. तो त्याच लॅबमध्ये नोकरीला आहे, रिपोर्ट त्याने तिथूनच उचलला. जाब विचारला तर म्हणतो, "अगं मावशी, परक्यांना कुठे दाखवला? सगळे आपलेच तर आहेत."

"मग तुझाही टाक."

"ते वेगळं गं."

त्याच्या स्वतःच्या तपासणीला त्याच्यासोबत मीच गेले होते. निकाल त्याने बायकोलाही सांगितलेला नाही. मीही इथे लिहीत नाही. एक्स्चेंजमध्ये उभ्या गावाची लफडी कानावर पडली, एक अक्षर बाहेर गेलं नाही. तरी अट अशी: त्याने स्वतःचा तो रिपोर्ट आपल्या हाताने त्याच ग्रुपवर टाकावा, घर त्याचं. न टाकल्यास घर विकून रक्कम माझ्या कॉन्व्हेंट शाळेला द्यावी. दुसऱ्याच्या पत्राचं पाकीट उघडणाऱ्या मुलीच्या बोटांवर तिथे पट्टी बसायची. ते शिक्षण अजून चालू राहावं.

४. मृत्यूचं कारण कुणी विचारल्यास "नातेवाईक" असं सांगावं.

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य आणि कोपऱ्यावरच्या छापखान्याच्या मालकीणबाई. दोघांनी माझी सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही. वाचायला मागितलाही नाही.

सही. ठिकाण: राहतं घर. दिनांक १० मार्च २०२५.

भाच्यास प्रत: कलम तीनमधली अट मान्य आहे की नाही, ते सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत वकिलांकडे लेखी, सहीनिशी कळव. मुदत वाढवून मिळणार नाही. माझ्याकडे किती वेळ आहे, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.